मंगळवार : म्हातारा जातो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा मी सांगायला लागलो की मधेच कुठंतरी माझा आवाज बसतो आणि मग ऐकणाऱ्यांची पंचाईत होते, हसावं का गप्प बसावं.

तर असं बघा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, पुसेगावच्या बाजूला. भूत-भानामती, करणी, उतारा या विरोधात तालुकाभर भाषणं देत फिरणारा माणूस. आणि अशा माणसानं एका कागदावर दोन ओळी लिहून एका म्हाताऱ्याला जवळजवळ मारलं होतं. ते कसं, ते सांगतो.

माझी धाकटी बहीण वंदना. सेनगावला तिचं ब्युटी पार्लर होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माझ्याकडंच राहायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला मोटारसायकलवर हिंगोलीला डायलिसिसला न्यायचो. चार चार तास मशीनवर. हातात दोन जाड सुया, अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत आत येणार. बघवत नाही हो ते. ती मात्र छताकडं बघत पडायची.

"दादा, येळ जात न्हाई," ती एकदा म्हणाली. "घंटेचे पिक्चर लाव की मोबाईलवर."

हे घंटेचे पिक्चर म्हणजे परदेशी भुताचे पिक्चर, हिंदीत बोलणारे. एकूण नऊ. प्रत्येकात घर वेगळं, माणसं वेगळी, साल वेगळं. पण एक पितळी घंटा एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते आणि ती वाजली की त्या घरातलं कुणीतरी मरतं. गंमत अशी, की चौथी गोष्ट त्यांनी सगळ्यात शेवटी काढली आणि पहिली गोष्ट सहाव्या नंबरला. आले त्या क्रमानं बघितले तर डोकं फिरतं. कोण कुणाची आजी, कोण मेलेलं, कोण अजून मरायचं, काही कळत नाही.

वंदनाला भुताचे पिक्चर जीव की प्राण. आणि मी? मी भाषणात सांगतो भूत नसतं म्हणून, आणि पडद्यावर दार करकरलं की माझे पाय गार पडतात. पण बहिणीसाठी मी मनावर घेतलं. दर रविवारी दुपारी, भर उजेडात, दार उघडं ठेवून, आवाज बारीक करून, बोटांच्या फटीतून मी ते नऊच्या नऊ पिक्चर बघितले. आणि एक मार्गदर्शिका तयार केली. मास्तरच तो. पट्टीनं रेघा मारल्या, रकाने पाडले. कोणत्या वारी कोणता पिक्चर आणि त्यात मुख्य काय घडतं, म्हणजे पुढचा बघताना मागचा दुवा लक्षात राहावा.

आता माझी चूक ऐका. त्या कागदाला मी मथळाच दिला नाही. काहून? तर दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं आणि त्यानं बघितलं, की हे अंधश्रद्धावाले सर भुताच्या पिक्चरचा तक्ता घेऊन फिरतात, तर माझी काय इज्जत राहिली असती? म्हणून पिक्चर हा शब्दसुद्धा कुठं लिहिला नाही. नुसता वार आणि पुढं घटना.

वंदनाच्या शेजारच्या खाटेवर सलीमचाचा असायचे. कनेरगाव नाक्याचे, सत्तरीचे, एकेकाळी ट्रकची इंजिनं खोलणारे. आमच्या मोबाईलकडं मान वाकडी करून बघायचे. वंदनानं दुसऱ्याच खेपेला दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर मोबाईल उभा केला. चाचा खूश झाले.

"बेटी, ये घंटा तो वही है ना, जो पहले में कुएँ से निकली?"

"बराबर चाचा. दादानं लिहून ठेवलंय सगळं. दादा, चाचाला पण एक कागद दे."

मी खाली जाऊन झेरॉक्स काढली आणि चाचांना दिली. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. पण माझा मान ठेवायचा म्हणून त्यांनी कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.

घरी गेल्यावर चाचीनं पिशवी झटकली. कागद निघाला. तिनं सुनेला वाचायला दिला. सुनेनं वाचलं.

"शुक्रवार : बाईचं रक्त थांबत नाही. सगळे धावतात."

तुम्हीच सांगा, हे योगायोगाशिवाय दुसरं काय म्हणायचं? कागद दिला त्याच शुक्रवारी सुया काढल्यावर वंदनाच्या हाताचं रक्त थांबेना. सिस्टर धावल्या, मी धावलो, अर्धा तास कापूस दाबून धरला तेव्हा थांबलं. चाची तिथंच उभी होती. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

सुनेनं खालची ओळ वाचली.

"मंगळवार : म्हातारा जातो. बायकोचं नाव घेतो. खाट रिकामी."

मंगळवारी चाचांची खाट रिकामी होती.

सिस्टरनं फोन लावला तर चाची म्हणाली, जीप मिळाली नाही, आज येणार नाहीत. मला शंका आली. चाचांना मागच्या शुक्रवारपासून पायांवर सूज होती आणि एक खेप चुकली तर पाणी छातीत चढतं, हे आम्हाला त्या खोलीत बसून बसून पाठ झालं होतं. मी माझ्या मोबाईलवरून फोन केला.

"चाची, मी प्रकाश मास्तर. वंदनाचा भाऊ."

चाची म्हणाली, "तुमच लिखे ना वो कागज? आज के दिन मैं उनको घर के बाहर नहीं छोड़ती." आणि फोन बंद.

वंदनाला सांगितलं. तिला हसू आवरेना, पण लगेच तिचा चेहरा उतरला.

"दादा, जा तू. त्यायला दम लागला असंल."

"तुला सोडून?"

"मी काय पळून जाऊन राहिले का? सुयानं बांधलेली हाये मी. जा."

कनेरगाव नाक्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की ओठातल्या ओठात मी भाषण तयार करत होतो. करणी वगैरे काही नसतं, हे कसं पटवून द्यायचं याचं. मी ते भाषण शंभर वेळा दिलेलं. पण तेव्हा करणी करणारा मी नव्हतो.

चाचा अंगणात खाटेवर बसले होते. आडवं होता येत नव्हतं. तोंडानं श्वास चाललेला, पाय फुगलेले. चाची दारात उभी. तिनं मला रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती घाबरून बघत होती, माझ्याकडं, जसं लोक मांत्रिकाकडं बघतात तसं.

"चाची, ते पिक्चरचं आहे. पिक्चरमधला म्हातारा. परदेशातला. घड्याळं दुरुस्त करतो तो."

"पिक्चर का है, तो पिक्चर लिखे काहेको नहीं?"

लाजेपोटी लिहिलं नाही, असं सांगू? तेच सांगितलं शेवटी. पण तिला पटेना. मग मी मोबाईल काढला आणि तो पिक्चर लावायला गेलो, तर नेटवर्क नाही. गोल गोल फिरतंय नुसतं. शेजारचे दोघं-तिघं गोळा झाले. शेवटी मी त्या अंगणात उभा राहून पहिल्या पिक्चरपासून सुरुवात केली. विहिरीतून घंटा कशी निघते, मग ती कुणाकडं जाते, त्या बाईचं रक्त का थांबत नाही. हातवारे करून, घंटेचा आवाज काढून. इकडं एका माणसाचा श्वास कोंडतोय आणि एक मास्तर अंगणात टण टण करतोय.

खाटेवरून चाचा एकेक शब्द तोडत बोलले, "सही बोल रहा है... मैं देखा ना... अच्छा है पिक्चर..."

चाचीनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "ठीक है. लेकिन वो लिखा हुआ काटो. दुसरा लिखो. फिर ले जाओ."

मी, तालुकाभर भाषणं देणारा, खाली मातीत बसलो. खिशातून पेन काढलं. 'म्हातारा जातो' वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'म्हातारा संध्याकाळी घरी परत येतो.' चाचीनं सुनेकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग शेजाऱ्याची जीप निघाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा वंदनाचं मशीन कधीच सुटलं होतं. ती बाकावर हाताला पट्टी धरून बसलेली. चाचांना आत घेतलं, ऑक्सिजन लावला, मशीन सुरू केलं. तासाभरानं त्यांचा श्वास ताळ्यावर आला. मग मी वंदनाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की सिस्टर बाहेर येऊन बघून गेली. मला पुन्हा पुन्हा तो घंटेचा आवाज काढायला लावला. आजारी पडल्यापासून तिला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. शेवटचंही तेच.

सातवा पिक्चर झाला त्या आठवड्यात तिला ताप आला. रविवारी सकाळी थंडी वाजून आली. दुपारी गाडी करून निघालो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. सेनगावच्या पुढं आलो आणि तिचं डोकं जड झालं. मी ड्रायव्हरला सांगितलं नाही. हिंगोलीपर्यंत तसाच बसून राहिलो.

घरात माणसं यायची, बोलायची. वंदना खूप सोसून गेली म्हणायची. मी मान हलवायचो. आणि खरं सांगू का, माझ्या मनात एकच किडा वळवळत होता. दोन पिक्चर राहिले. नऊ घरं फिरून ती घंटा शेवटी कोण वाजवतं, ते तिला कळलंच नाही. माणूस गेलं की मोठं काही आठवावं ना? मला हे आठवायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

महिनाभरानं चाचांचा फोन आला. "मास्तर, मंगळवार को आओ ना. चार घंटे कटते नहीं."

गेलो. वंदनाच्या खाटेवर दुसरी कुणी बाई होती. मी त्या खाटेकडं पाठ करून चाचांजवळ बसलो. मोबाईल काढला आणि परत ठेवला. पिक्चर लावायची हिंमत होईना.

"चाचा, आठवा आणि नववा तोंडीच सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितले. दोन्ही. कुणाची पणती कोण, आरसा कुठून आला, घंटेवरचं नाव कुणाचं. तास-दीड तास बोललो असेन. चाचा हूं हूं करत होते. शेवटाला आलो. म्हटलं, "घंटा त्या लहान पोरीची आईच वाजवत असते, चाचा. पहिल्यापासून. आणि आमच्या वंदीला हे बघायला मिळालं न्हाई."

चाचांनी मान माझ्याकडं वळवली.

"देखी ना वो," ते म्हणाले.

"काय?"

"दोनों देखी. आठवाँ भी, नववाँ भी. मैं भी देखा. डर वाला सीन आया के तुम उठके बाहर जाते थे ना, कापियाँ जाँचने? घंटा घंटा आते नहीं थे. वो दबाके आगे का लगा देती थी. बोलती थी, चाचा, दादा को मत बोलना. दादा समझाने बैठा तो पिक्चर से ज्यादा वक्त लगता."

मी विचारलं, "तुम्ही बघितलं होतं, मग मला दीड तास बोलू काहून दिलं?"

"तुम बोल रहे थे. बोलने दिया."

त्यांनी मोकळा हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "लेकिन एक बात है मास्तर. घंटा माँ नहीं बजाती. तुम गलत समझे."