मामा, जेवायला या!

“या हो मामा, जेवायला या! आज तिसऱ्या मजल्यावरनं सुकटीचं कालवण आलंय!” तळमजल्यावरच्या काकी भर दुपारी बोळात उभ्या राहून खणखणीत हाक मारायच्या. मामा म्हणजे कोण, कळलं ना? उंदीर!

रोह्यात कंपन्या आल्या तशा बिल्डिंगी उठल्या, पाठीला पाठ लावून. मधल्या बोळात झाडूवालाही शिरत नसे. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तिकडेच, त्यामुळे शिळा भात, माशांची डोकी, सगळं थेट खाली. मग उंदीर काय मुहूर्त बघून येणार? तिथे पोसायचे आणि मोरीच्या भोकातून आधी काकींकडे शिरायचे.

काकींनी औषध टाकलं, तर ओट्यामागे उंदीर मरून वासाने जेवण जाईना. तेही त्यांनी सोसलं असतं. पण लेकीला सातवा लागला आणि पेणहून विहीणबाईंचा निरोप आला, “तान्हं पोर उंदरांत निजवायचं काय? बाळंतपण इकडेच करू.” पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! काकी वर माझ्या घरी येऊन ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “उंदरांचं सोड गो. त्यांना वाढतंय कोण, ते बघते मी आता.”

दुसऱ्या दिवसापासून हाका सुरू. मजल्याचं नाव, पदार्थासकट! कोणाची भाजी करपली, कोणाकडे शिळं उरलं, सगळ्या आळीला कळायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब तणतणत खाली आले. “काकी, ही काय पद्धत झाली?”

“अहो, जेवण तुमचं. यजमानाचं नाव नको घ्यायला?”

हळूहळू खिडक्यांतून पडणारं खरकटं थांबलं. बोळ धुतला, मोरीला जाळी बसली. विहीणबाई जातीने येऊन घर बघून गेल्या आणि लेक माहेरी आली.

बारशाला बाळाचा सख्खा मामा बाहेर पाहुण्यांशी गप्पा मारत होता. काकींनी दारातून हाक दिली, “मामा, जेवायला या!” वर धडाधड खिडक्या उघडल्या. “काकी, आम्ही नाय हो टाकलं!” काकी हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या. आत बाळ जमिनीवर, गोधडीत गाढ झोपलं होतं.

काका रिटायर झाल्यावर दोघं गावी, खांबला गेली. बोळात पुन्हा खरकटं पडू लागलं. एका दुपारी मला राहवेना. खिडकीतून मीच ओरडले, “या हो मामा!” आवाज कुठला काकींसारखा लागायला! पण समोरची एक खिडकी गपकन बंद झाली. काकी, तेव्हा तुमची फार आठवण आली हो.