कर्ताबाबूंचं बिनकाठाचं धोतर

शांतिपुरात त्या वर्षी दुर्गापूजा उरकली, देवी गंगेत गेली, पण एक कुजबुज काही केल्या बुडेना. काननबाला भौमिकनं म्हणे आपल्या घरमालकाला पूजेच्या भेटीत मढ्यावरचं कापड दिलं. तेही जाणूनबुजून. म्हाताऱ्यानं म्हणे खोली तिच्या नावावर करून ठेवली होती आणि बाईला घाई झाली होती. ही बातमी पहिल्यांदा कोणी सोडली त्याचं नाव घेऊ नये. पण ती साऱ्या गल्लीची पिशी, म्हणजे आत्या, असलेल्या खेंतीपिशीच्या ओसरीवरून निघाली आणि मासळीबाजारात पोचेपर्यंत तिला चेटकाचे हातपाय फुटले होते, एवढं सांगायला हरकत नाही.

कानन रफू करायची. मागावर साडीत धागा तुटतो, बारीकसं भोक राहतं. ते असं बुजवायचं की विणणाऱ्यालाही सापडू नये. तीस वर्षं तिनं हेच केलं. साड्यांचे गठ्ठे पाठवी निमाई प्रामाणिक हा व्यापारी. आडनाव प्रामाणिक, त्यात त्याचा दोष नाही. "काननदी, तुझ्या हातून गेलेली साडी मी छातीठोकपणे नवी म्हणून विकतो," असं तो सांगे, आणि खरंच विकी.

राहायची ती त्रैलोक्यनाथ सान्यालांच्या घरी, अंगणाच्या कडेच्या खोलीत. सान्यालांना सगळी गल्ली कर्ताबाबू म्हणे. काननचा नवरा गेला त्या दिवशी ते दारात येऊन एवढंच बोलले होते, "खोलीची काळजी करू नकोस. रड आता." एकोणीस वर्षं त्यांनी भाडं वाढवलं नाही. छप्पर गळलं तेव्हा सत्तरीचा हा माणूस स्वतः शिडी लावून चढला आणि सून अणिमानं खालून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "बाबा, आपल्या स्वयंपाकघराचं छपरही गळतंय. तिथं राहायला भाडेकरू ठेवू का?"

कानन दर पूजेला त्यांना नवं धोतर देई. दर वर्षी ते कुरकुरत. "ट्रंक भरली माझी. आता दुकान टाकू का?" आणि अष्टमीच्या सकाळी नेमकं तेच नेसून मंडपात अंजली वाहायला जात. मुलानं आणलेलं घडीतच राही. अणिमाच्या डोक्यात ही घडी बरोबर बसलेली होती.

गेली दोन वर्षं कर्ताबाबूंचा आणखी एक उद्योग होता. सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि त्याच्याआड बारा सुयांत दोरे ओवून काननच्या सुया टोचायच्या छोट्या गादीत टोचून ठेवायचे. खेंतीपिशीनं एकदा हटकलंच. "काय हो, म्हातारपणी शिवण शिकताय?"

"वेळ जात नाही, खेंती. तुझ्यासारखी जीभ असती तर सुई कशाला धरली असती?"

त्या पूजेला काननला उशीर झाला. पंचमीच्या गर्दीत ती कापडाच्या दुकानात शिरली. दुकानदाराला मान वर करायला फुरसत नव्हती. तिनं ढिगातून स्वतःच एक धोतर ओढलं, दोन बोटांत धरून पोत पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. कड घट्ट लागली. बांधून घेतलं आणि घरी आली.

कर्ताबाबूंनी घडी उलगडली. शुभ्र कापड. इकडून तिकडे नजर फिरवली. आमच्याकडे अंगभर पांढरं, बिनकाठाचं कापड दोघांसाठीच घेतात, विधवेसाठी आणि प्रेतासाठी. कर्ताबाबूंनी घडी पुन्हा नीट घातली. मग म्हणाले, "यंदा काठ फार नाजूक निवडलास गं."

"तुम्हाला भडक आवडत नाही ना, म्हणून."

"हो. छान आहे."

अष्टमीला ते तेच नेसून मंडपात उभे राहिले. बायकांच्या रांगेतून खेंतीपिशीनं पाहिलं. अणिमानं पाहिलं. कोणीतरी विचारलं, "कर्ताबाबू, घरात कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," ते हसून म्हणाले. "रांग धरा."

आणि नवमीच्या सकाळी ओट्यावर ते गेले. मांडीवर वर्तमानपत्र, हातात सुई. सातवी सुई ओवायची राहिली होती.

मुलगा कोऱ्या कापडासाठी बाजारात धावला, पण नवमीला कोणाचं दुकान उघडं असणार? अणिमानं दोरीवरचं धोतर ओढून अंगणात टाकलं. "हे आहे ना. आणणारीनं ह्याचसाठी आणलंय."

कानन भिंतीला धरून उभी होती. "हे काय बोलतेस, सूनबाई? दर वर्षी देते मी."

"दर वर्षी बिनकाठाचं देतेस?"

 कानन खाली बसली, धोतर ओढून घेतलं, कड बोटांत धरली. अंगठ्याला घट्ट लागत होती ती नुसती विणीची कड होती, पीळ घातलेली. ते नाजूक काठाचं बोलणं तिला आत्ता कळलं.

"दुसऱ्या कुण्या बाईनं केलं असतं तर मी चूक म्हटलं असतं," खेंतीपिशी म्हणाली. "ही कापडातली बाई. हजार काठ हिच्या हाताखालून गेले."

"चुकून झालं म्हण ना," मुलगा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. तो वाईट नव्हता. "कसं चुकलं ते सांग, काननदी. आम्ही ऐकतो."

सांगायला एकच वाक्य होतं. कानननं मान वर केली. दारात निमाई प्रामाणिक उभा होता, खांदा द्यायला आलेला. ते वाक्य त्याच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून साडी आली नसती, आणि साडी नाही तर भाडं कुठलं? ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं तो अंगणात आडवा पडला होता. तिनं मान पुन्हा खाली घातली.

त्याच कापडात कर्ताबाबूंना नेलं.

गप्प राहून तिनं काय वाचवलं म्हणाल, तर काहीच नाही. श्राद्ध होईपर्यंत अणिमा थांबली, मग खोलीला कुलूप लावलं. निमाईनं गठ्ठे पाठवणं त्याआधीच बंद केलं होतं. "गिऱ्हाईक विचारतं, त्याच बाईच्या हातचं का? मी काय करू, काननदी?" कर्ताबाबूंच्या ट्रंकेत खोलीचा एकही कागद निघाला नाही. काननची अठरा धोतरं निघाली, नेसून मऊ झालेली, घडी घातलेली.

ती नवद्वीपला एका भजनाश्रमात गेली. तिथं विधवा सकाळी नाम घेतात आणि ताटभर भात मिळतो. इथली एक बाई यात्रेला गेली होती, तिनं तिला पाहिलं. हाक मारली तर कानन भलतीकडेच बघून हसली, असं ती सांगत आली, आणि खेंतीपिशीनं लगेच निदान केलं, "पाप डोक्यात चढलं."

कापड कोणी ठरवून आणलं नव्हतं. काननच्या दोन्ही डोळ्यांत दोन वर्षांपासून मोतीबिंदू होता, रफू नुसत्या बोटांच्या सवयीनं चाले. धोतराला काठ नाही, हे तिला दिसलं नव्हतं.