आईविना चढलेल्या पायऱ्या

इटलीतल्या त्या समुद्रकाठच्या गावात उतरलो, तर स्टेशनापासूनच डोंगरावर पायऱ्या. भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी आमच्यापुढे सावकाश चढत होती. मला तिच्यात आईच दिसू लागली. गेल्या वर्षी ठरलेल्या याच सहलीसाठी आई साडीवर कॅनव्हासचे बूट घालून रोज इमारतीचे जिने चढायची. डॉक्टर नको म्हणतात, असं मी तिला सांगितलं. मग निघायच्या आधीच ती गेली आणि सहल यंदावर ढकलली. गेलेल्या माणसाचा हळूपणा आपल्या पायांत येऊन राहतो की काय?

न राहवून बायकोला म्हणालो, "डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं गं. आईमुळे आपल्याला उशीर होईल, एवढंच होतं."

हिने बॅग खाली ठेवली.

"आईंनी विचारलं होतं डॉक्टरांना," ती म्हणाली. "तुम्हाला कळू देऊ नकोस म्हणाल्या."