मोळीची दोरी

दुसरीच्या बाईंना अख्खी शाळा पोतडीवाल्या बाई म्हणायची. तोंडावर कुणाची टाप नव्हती, पण पाठीमागे हेच नाव. म्हणणारच की! समूहदर्शक शब्द शिकवायचे दिवस आले, की बाईंच्या घरातली वस्तू जागेवर राहायची नाही. किल्ल्यांचा जुडगा पोतडीत, केळ्यांचा घड पोतडीत, पालेभाजीची जुडी पोतडीत. एकदा त्यांचे यजमान कामावरून लवकर परतले आणि किल्लीवाचून स्वतःच्याच दाराच्या पायरीवर बसून राहिले.

"अगं, निदान घराची किल्ली तरी काढून ठेवत जा," ते बिचारे कुरकुरले.

"आणि पोरांना काय, उरलासुरला जुडगा दाखवू?" बाईंनी उलट त्यांनाच झापलं.

वस्तू दाखवून, नाव सांगून बाई थांबत नसत. ती वस्तू मुलांच्याच हातांनी सोडवून घेत. मोळीची दोरी सुटली, काटक्या जमिनीवर घरंगळल्या, की त्या कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "आता ही मोळी का रे?"

"नाही!" वर्ग ओरडायचा.

"मग मघाशी कशाने होती?"

"दोरीने!"

जुडग्याला कडी, घडाला दांडा. पक्ष्यांच्या थव्याला काय, ते कळेना, म्हणून सगळी पोरं मैदानभर हात पसरून पळाली आणि धापा टाकत ठमी म्हणाली, "थव्याला काही नसतं बाई, पण सगळे बरोबर जातात." ठमी म्हणजे वर्गातली सर्वांत बुटकी. असलं उत्तर कुणी पाठ करून येतं का? सांगा!

अशा वर्गावर वरच्या कार्यालयातून चाचणी आली. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला शब्द, रेघ ओढून जोड्या लावा. आणि चित्रं कसली? लाकडं चारी दिशांना पडलेली, किल्ल्या सांडल्यासारख्या. काढणाऱ्याला साधी दोरी काढायचा कंटाळा! बहुतेक मुलांनी अंदाजाने रेघा मारल्या. पण ठमी, तिचा जोडीदार बोक्या आणि त्यांच्या मागच्या बाकावरच्यांना ते बघवेना. त्यांनी पेन्सिलीने लाकडांभोवती दोरी काढली, तिला गाठ मारली, किल्ल्यांना कडी घातली आणि मगच रेघ ओढली.

त्यांना भोपळा मिळाला. चित्रात खाडाखोड केली तर गुण नाहीत, असा नियम खाली बारीक अक्षरात छापला होता. भोपळेवाल्यांची कच्ची तुकडी करायची, असंही फर्मान होतं. जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि धुळकट सतरंज्यांच्या सोबतीला त्यांची रवानगी झाली. दप्तर पाठीला लावताना बोक्याने विचारलं, "बाई, आम्ही ढ झालो का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, पोरं चुकली नाहीत. चित्र चुकलंय."

"चित्र वरून आलंय, बाई."

"वरून म्हणजे आभाळातून पडलं का?"

"हे बघा," मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, "शनिवारी सगळ्यांची पुन्हा चाचणी आहे. सुधारली तर परत पाठवू. तुम्ही फक्त सांगून टाका, दोरी काढू नका म्हणून. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! पण अडला हरी... ती म्हण बाईंना पुरी करवेना. खोलीत ना धड उजेड ना वारा, आणि तिथे शिकवायला नक्की कोण येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारी त्यांनी जिन्याखालच्या मुलांनाही वर्गात बोलावलं आणि फळ्याकडे तोंड करून सांगितलं, "उद्या चित्रात दोरी काढायची नाही. नुसती रेघ ओढायची."

"पण मग ती मोळी नाही ना, बाई?" ठमी म्हणाली.

"नाही. पण गुण मिळतील."

इतक्या वर्षांत वर्गात उभं राहून त्यांनी इतकं घाणेरडं वाक्य उच्चारलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी यजमानांशी भांडण काढलं. त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

शनिवारी चाचणी झाल्यावर मुख्याध्यापक पेपर नाचवत वर्गात शिरले. प्रत्येक पेपरावर दोरी! मॉनिटर मुलीचा कधी अर्धा गुण गेला नव्हता, तिने तर दोरीला फुलाची गाठ मारली होती.

"बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

"मी उलटं शिकवलं होतं, सर. त्याचीच लाज वाटतेय."

मुख्याध्यापकांनी मॉनिटरकडे मोर्चा वळवला. "तुला येत होतं ना गं? मग?"

मॉनिटर उभी राहिली. "दोरी काढली की त्या खोलीत बसायला मिळतं, सर. ठमी, बोक्या तिकडेच आहेत ना."

मुख्याध्यापक वर्गातली डोकी मोजू लागले. "अख्खा वर्ग त्या खोलीत मावेल तरी का?" ते पुटपुटले. "वर विचारावं लागेल."

"विचारा निवांत," बाई म्हणाल्या आणि जिन्याखाली गेल्या. खोलीचं दार उघडून त्यांनी फर्मावलं, "चला, दप्तरं उचला."

बोक्या जागेवरून हलला नाही. "आम्ही सुधारलो का, बाई?"

"नाही रे राजा. तुम्ही बरोबरच होता. सुधारायचंय ते आम्हाला," बाई म्हणाल्या. "धर, बाकाला हात लाव. आपल्या वर्गात नेऊ."