नव्याने झालेला बदल

विद्यापीठात तिला सगळे माशीवाल्या बाई म्हणत. पिकल्या फळांवर घोंघावतात तसल्या बारीक माश्या ती काचेच्या बाटल्यांत, मक्याच्या खळीवर वाढवायची. पिढ्यान्‌पिढ्या कोणता गुण टिकतो, कोणता पुसला जातो, हे पाहण्यात तिची हयात गेली. धाकटा भाऊ चिडवायचा, लोक फुकट माश्या मारतात, ताईला त्याचा पगार मिळतो.

हा भाऊ लहानपणीच जिना चढताना मध्ये थांबू लागला. मग भिंत धरून चालू लागला, मग चाकाच्या खुर्चीत बसला तो कायमचा. स्नायू झिजत जाण्याचा आजार. तो बहुतेकदा आईकडून मुलात उतरतो. कधीकधी मात्र आईत काहीच नसतं, दोष मुलातच नव्याने उपजतो. त्यांच्या घरात यातलं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. भावापायीच ती या विषयाकडे वळली होती. पुढे चाचणी निघाली, तेव्हा तिने गुपचूप स्वतःचं रक्त तपासलं. दोष तिच्यातही होता; बाईत तो बहुधा नुसता दडून राहतो. म्हणजे दोघांनाही तो आईकडूनच आलेला. तिने ठरलेलं लग्न मोडलं. होणारा नवरा कारण ऐकूनही तयार होता. तिनेच नको म्हटलं. घरी मात्र कारण सांगितलं नाही.

भाऊ ऐन पंचविशीत गेला. त्याला कुशीवर वळवायला आई पहाटे उठायची. तो गेल्यावरही कितीतरी दिवस उठून रिकाम्या खाटेपाशी जायची.

एका दुपारी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. आई म्हणाली, "एवढी शिकलीस. खरं सांग, माझ्यातूनच गेलं ना त्याच्यात?"

प्रयोगातला एक आकडाही जिने कधी इकडचा तिकडे केला नव्हता, ती म्हणाली, "नाही गं आई. त्याच्यात नव्यानेच झाला तो बदल. होतं असं."

आईने चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. "मग तू लग्न का मोडलंस?"

तिने टोकाला टोक जुळवलं. ती घडी झाली, दोघींनी पुढची चादर घेतली. आईने तो विषय पुन्हा काढला नाही. शेजारणींनी विचारलं, की मात्र सांगायची, आमच्याकडे नव्यानेच झालं ते. माझी मुलगी जाणकार आहे त्यातली.

आई गेली तेव्हा ती निवृत्तीला आली होती. तिच्या माश्यांचा वंश पुढे चालवायला कुणी मिळेना, म्हणून तिने स्वतःच्या हाताने बाटल्या बर्फाच्या कपाटात ठेवल्या, आतल्या माश्या थिजून मरेपर्यंत थांबली आणि घरी आली. घरात आता ती एकटीच असते.