पाटीवरचे पाच रुपये

पाटी लावून पंधरवडा झाला तरी दुकानात विजेची एकही जळकी मोटार आली नव्हती. मी स्टुलावर बसायचो, उठायचो, रस्त्यावर जाऊन स्वतःचीच पाटी वाचायचो आणि परत येऊन बसायचो. बायको, शकुंतला, मागच्या बाजूला इन्सुलेशनचे कागद कापत होती. शेवटी ती म्हणाली, “एका जागी बसा की. तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच घेरी यायला लागलीय.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरातल्या एका मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होतो. बिनपगारी रजा टाकून भवानी पेठेत एक गाळा भाड्यानं घेतला आणि मोटार रिवाइंडिंग सुरू केलं. सुपरवायझरनी बजावून सांगितलं होतं, एक तारखेला हजर झाला नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल. म्हणजे महिनाअखेरपर्यंत धंद्यानं जीव धरला नाही, तर गाळा सोडून गुपचूप मिलमध्ये जायचं. आणि धरला असं समजून नोकरी सोडली आणि पुढं फसलो, तर घरात चूल कशावर पेटवायची हा प्रश्न होता.

रिवाइंडिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पॉवरलूमला, म्हणजे विजेवरच्या मागाला, एक छोटी मोटार असते. तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. लोड जास्त झाला किंवा तीनपैकी एक फेज गेला, की ती जळतात. जळकी तार काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, नवी वेटोळी भरायची, वर वार्निश देऊन भट्टीत सुकवायचं. काम किचकट आहे, पण त्यात जादू काही नाही.

जादू होती ती भावात. बाजारात एक एचपीच्या मोटारीला कुणाला साठ, कुणाला सत्तर, नवख्याला ऐंशी. भाव तोंडी. शिवाय जळकी तार दुकानदार ठेवून घ्यायचा, आणि मोडीतल्या तांब्यालाही चांगला भाव येतो. मी ठरवलं, सगळं उघड करायचं. पाटी रंगवली: ‘एक एचपी, पंचेचाळीस रुपये. जळकी तार परत मिळेल. भाव सर्वांना एकच.’ हँडबिलं छापून पेठेतल्या कारखान्या-कारखान्यांत वाटली. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी रांग लागेल.

रांग सोडा, लोक यायचे, वाचायचे, हसायचे आणि जायचे. एकानं तर विचारलं, एवढ्या कमीत करतोस म्हणजे तार हलकी घालतोस काय. मी त्याला तारेचं बंडल काढून दाखवलं, मायक्रोमीटरनं तारेची जाडी मोजून दाखवली. तो मान डोलावत गेला आणि मोटार पलीकडच्या दुकानात दिली. माझा तिळपापड व्हायचा बाकी राहिला होता.

मग एका सकाळी शेजारच्या गल्लीतले अंबादासशेट आले. त्यांचे चादरीचे माग होते. “अण्णा, तार आली का तुमची?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसली तार? तर म्हणाले, त्यांची मोटार जळली तेव्हा त्यांनीच माग दुरुस्त करणाऱ्या आपल्या मिस्त्रीला माझ्याकडं पाठवलं होतं; मिस्त्रीनं येऊन सांगितलं, तिथली तार संपलीय, आणि मोटार दुसरीकडं भरून आणली.

माझ्या मागच्या भिंतीवर तारेची सहा बंडलं टांगलेली होती.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मोटार मालक घेऊन येत नाही, मिस्त्री आणतो. तोंडी भावात मिस्त्रीचे पाच-दहा रुपये बसतात. माझ्या पाटीत त्याला जागाच नव्हती. मालक पाटी वाचून पंचेचाळीस मोजून देणार, मग मिस्त्रीनं काय खायचं?

मला राग आला, आणि राग आला की माझे हात थांबत नाहीत. शकुंतला नको-नको म्हणत असताना मी ब्रश घेतला आणि पाटीवर खाली लिहिलं: ‘मोटार आणणाऱ्या मिस्त्रीस दुकानातर्फे पाच रुपये.’ घ्या म्हटलं, तुमचंही उघड.

संध्याकाळपर्यंत पेठभर बभ्रा झाला. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना पाटी वाचून दाखवत होते. मालक आपापल्या मिस्त्र्यांना विचारू लागले, हा पाच देतो तर तिकडं किती मिळतात रे? मोटारी मात्र काही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादासशेटचा मिस्त्री आला. नरसय्या त्याचं नाव. पन्नाशीचा, तेलकट हातांचा माणूस. आत आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

“तुमी शिकलेली माणसं,” तो म्हणाला. “पर ह्ये काय लिवलंय?”

“तार संपली म्हणून कोण सांगत होतं?”

“मी सांगितलं. खोटं बोललो. पर मालकानं काल समद्या कामगारांसमोर इचारलं, नरसय्या, कितीला इकला गेलास? माझा व्याही त्याच कारखान्यात मागावर हाय, अण्णा.”

मी म्हटलं, मग उघड पाच घेण्यात लाज कसली? चोरून घेताना नव्हती ती?

तो शांतपणे म्हणाला, “मोटार उतरवायची, सायकलीला बांधायची, हितं आणायची, परत न्यायची, बसवायची, पट्टा लावायचा. मालक त्येचं काय देतो? काय न्हाय. म्हणून आमी घेत हुतो. चोरून का असंना, कामाचं हुतं. तुमी भीक करून टाकली त्येची.”

तो निघून गेला. शकुंतला आतून म्हणाली, “बरोबर बोलला तो.” मला तिचाही राग आला, आणि जास्त राग यासाठी आला की ती बरोबर होती. मिलची तारीख आठवड्यावर आली होती.

शेवटी ती ओळ खरवडून काढली आणि तिथं दुसरी लिहिली: ‘मोटार उतरवणे, ने-आण, बसवणे: मिस्त्रीची मजुरी पाच रुपये, मालकाकडून.’ रक्कम तीच. मग स्वतः अंबादासशेटकडं गेलो. ते उखडले. म्हणाले, हे काम तर तो इतकी वर्षं फुकट करतो. मी म्हटलं, फुकट नव्हतं शेट, तुमच्या सत्तरात होतं. आता पन्नासात होईल आणि तार परत मिळेल. त्यांनी मनाशी हिशेब केला. दोनदा केला. मग हाक मारली, “नरसय्या, पुढची मोटार अण्णाकडं.”

त्या आठवड्यात नरसय्यानं एक मोटार आणली, त्याच्या ओळखीच्या मिस्त्र्यांनी तीन. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. चार मोटारींवर संसार चालत नाही हे मला कळत होतं. तरीही एक तारखेला मी मिलमध्ये गेलो तो राजीनामा घेऊनच.

दोन वर्षांनी तांबं महागलं. भाव वाढवावा की नाही, या घोरात मी होतो. वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती. एक दिवस नरसय्या मोटार ठेवून थेट पाटीखाली जाऊन उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, “अण्णा, पाचाचं सात करा की. मोठ्या अक्षरात लिवा, माझ्या व्याह्याला लांबचं दिसत न्हाय.”

मी करून दिलं आणि त्याच डब्यातल्या रंगानं माझेही पंचेचाळीसचे बावन्न केले. गिऱ्हाईक तुटलं नाही. स्वस्त भाव जाहीर करायला मला एक ब्रश पुरला होता. त्यात कुणाची मेहनत फुकट धरलीय, ते मात्र कुणाला तरी माझ्या उंबऱ्यावर येऊन सांगावं लागलं.