उजव्या डोळ्यातली पाखरं

शाळेतून निवृत्त झाल्यावर आष्टीजवळच्या आमच्या रानात ज्वारी राखायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बायको म्हणते, पोरांवर ओरडायची सवय सुटेना, म्हणून तुम्ही पाखरांवर ओरडायला जाता. त्यात खोटं काही नाही. यंदा पौषात ज्वारी हुरड्याला आली, कणसात दूध भरलं आणि मी गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर चढलो.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पांढरंफटक होतं. उजवीकडून काळ्या ठिपक्यांचा थवा कणसांवर उतरताना दिसला. गोफणीत ढेकूळ घातलं, गरगर फिरवून सोडलं. थवा उडाला नाही, नुसता बाजूला सरकला. मी आणखी एक ढेकूळ सोडलं. खाली हरभऱ्याची भाजी खुडत असलेली बायको उठून उभी राहिली.

"अहो, काहून फेकायलाव? एक पाखरू न्हाई रानात!"

मान वळवली तर थवाही वळला. मान थांबवली तरी तो थोडा पुढं वाहत गेला आणि मग सावकाश खाली बसला. डोळे चोळले, तोंडावर पाणी मारलं. ठिपके जिथल्या तिथं. त्यांच्यात एक लांब धागाही वळवळत होता.

ठिपके तसे ओळखीचे होते. पन्नाशीनंतर कोऱ्या कागदावर एखादी अळी तरंगताना दिसायची. नजर तिच्यावर नेली की ती पळायची. वयाचं आहे म्हणून मी ते सोडून दिलं होतं. पण एकदम एवढे कधी आले नव्हते. आणि त्याहून वैताग म्हणजे, उजव्या कोपऱ्यात मधूनच काहीतरी लख्ख चमकत होतं.

उजवीकडं बांधापलीकडं शेजाऱ्याचं रान. हा शेजारी बाजारात फळांचा गाडा लावतो, ईदला न चुकता आमच्याकडं शीरखुर्म्याचा डबा पाठवतो. यंदा त्यानं पाखरांसाठी रानाभोवती चमकीची पट्टी बांधली होती. वाऱ्यावर ती भर्रर्र वाजते, उन्हात लकाकते, आणि पाखरं बिचकतात. माझ्या डोळ्यात जातंय ते हेच, असं मी ठरवून टाकलं आणि तावातावानं बांधावर गेलो.

"ती पट्टी काढ आधी. माझे डोळे दिपायलेत."

"गुरुजी, आज ऊनच न्हाई. चमकंल कशी?"

जन्मभर मी पोरांना प्रकाशाचा धडा शिकवलेला, तरी मी आवाजच चढवला. "तुमचा शब्द कसा मोडू?" तो म्हणाला आणि पट्टी गुंडाळायला लागला. दुपारपर्यंत पाखरं त्याच्या ज्वारीत उतरली, आणि ही मात्र खरीखुरी होती.

पट्टी गेली, चमक राहिली. दिवस मावळल्यावर गोठ्यात वैरण टाकायला गेलो. अंधारात मान वळवली की उजवीकडं लख्ख. गोठ्यात कुणी चमकी बांधली नव्हती. चमक माझ्या डोळ्यात होती. मी तसाच शेजाऱ्याच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. "सकाळी माल आनाया नगरला चाललोय. काकूला घ्या आन बसा गाडीत," एवढंच म्हणाला.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गर भरलेला असतो. वय झालं की तो पातळ होतो, आक्रसतो, त्याच्या बारीक गुठळ्या होतात. त्या तरंगतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. आपल्याला वाटतं समोर काहीतरी उडतंय. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं, काही करावं लागत नाही. पण गर सुटताना कधी पडदा ओढला जातो, आणि ही ओढ म्हणजेच चमक. ओढ जास्त झाली की पडदा फाटतो. माझा फाटला होता. त्या फटीतून पाणी मागं शिरलं असतं तर पडदा सुटला असता, बाजूनं काळी सावली चढली असती आणि डोळा जाऊ शकला असता.

"एकदम ठिपके वाढले, चमक आली की त्याच दिवशी यायचं," बाई म्हणाल्या.

मला भीती वाटत होती, चांगलीच. त्याच दिवशी लेझरनं फटीभोवती डाग देऊन पडदा जागच्या जागी पक्का केला. ठिपके राहतील, म्हणाल्या, पण हळूहळू त्यांचा विसर पडेल. निघताना आणखी एक सांगितलं. रोज एक डोळा झाकून दुसऱ्यानं पाहायचं. दोन्ही उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी बाजूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत एक-एक डोळा झाकत बसलो. बायकोला हसू आलं.

"काय ल्हान पोरावानी!"

"तू पण कर," मी मास्तरकी केली.

तिनं पदरानं एक डोळा झाकला आणि संकष्टी कधी आहे ते घडघडा वाचून दाखवलं. मग पदर दुसऱ्या डोळ्यावर नेला आणि माझ्याकडं वळली.

"अहो, उठून गेलाव का?"

मी तिच्या समोर हातभर अंतरावर बसलो होतो.

"इथंच हाये की."

"मला तुमी दिसंनात. नुसतं धुरकट हाय सगळं." तिनं पदर काढला, परत धरला, परत काढला. "कवापसनं आसंल हे?"

मला रडू आलं. शेजाऱ्याच्या गाडीची वाट न पाहता आम्ही एसटीनं नगर गाठलं. बाईंनी तपासून सांगितलं, तिचा पडदा शाबूत आहे. मोतीबिंदू आहे, पार पिकलेला, काढता येईल. एका दिवसात झालेला नाही, म्हणाल्या, बरीच वर्षं वाढत आलेला आहे. इतकी वर्षं ती एका डोळ्यावर चूल, रान, विळा सांभाळत होती आणि तिला ते कळलं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी रोज दोन्ही वेळा तिच्या समोर बसून जेवत होतो.